प्लेटमागे उभं राहायचं तर

बेसबॉलच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात लागतात, म्हणजे पंचाची तयारी मे महिन्यातच हवी. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४४च्या पुढे, त्यामुळे पहाटे साडेपाचलाच मैदान गाठायचं. पळणं नंतर, आधी मांड्या. नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून अडीचशे-तीनशे चेंडू पडतात आणि प्रत्येकाला प्लेटवरचा पंच, म्हणजे फलंदाज आणि चेंडू झेलणारा कॅचर यांच्या मागे उभा असलेला, वाकतो. शाळांच्या सामन्यात इनिंग कमी, पण दिवसाला सामने तीन. हिशेब तिथेच येतो. म्हणून भराभर उठाबशा नकोत. खाली जा, तीन सेकंद डोकं न हलवता थांबा, उठा, दम घ्या, पुन्हा जा.

डोकं न हलवता, हे मुद्दाम लिहिलं. स्ट्राइक झोनची, म्हणजे ज्या चौकटीतून चेंडू गेला तर स्ट्राइक धरतात तिची, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालच्या खोबणीशी असते. मांड्या भरून आल्या की पंच नकळत दोन-तीन इंच वरच थांबतो, नजर वर जाते आणि खालचा स्ट्राइक 'बॉल', म्हणजे झोनबाहेरचा, वाटायला लागतो. एकदा तिसऱ्या सामन्यात कॅचर पोरगा मागे वळून म्हणाला, "सर, मघाशी हाच स्ट्राइक दिला होता ना तुम्ही?" दिला होता. नियम पाठ होते, पायांनी दगा दिला.

बेसवरच्या, म्हणजे धावणारा गाठतो त्या टप्प्यांजवळच्या, पंचासाठी लांब पळण्यापेक्षा २७ मीटरच्या धावा बऱ्या, कारण दोन बेसमधलं अंतर तेवढंच, ९० फूट. प्रत्येक धावेच्या शेवटी पूर्ण थांबायची सवय लावा. पळता पळता दिलेला निर्णय हमखास फसतो. पोटऱ्या ताणून घ्या, घोटेही फिरवा. आपली काळी जमीन पाऊस उघडला की भेगाळते. पहिल्या-दुसऱ्या बेसमधल्या अशाच एका भेगेत माझा पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसलो. तेव्हापासून सामन्याआधी मैदानाला एक फेरी, नजर खाली ठेवून.

आदल्या रात्री शेवभाजीचा आग्रह हात जोडून टाळा. चेस्ट गार्डखाली ऑक्टोबरच्या उन्हात ती तर्री काय करते ते भोगलेल्यालाच ठाऊक. कळण्याची भाकरी आणि ताक बेस्ट. पिशवीत चार केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून ती विसरलात तर काय बोलायचं! लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दर इनिंगनंतर दोन घोट, तहान लागायची वाट न बघता.

बॅटला चाटून मागे आलेला फाउल चेंडू मास्कवर जोरात बसला आणि गरगरलं, तर मर्दपणा नको. प्लेट दुसऱ्या पंचाकडे द्या, डॉक्टर गाठा.

रात्री घरी आल्यावर दहा मिनिटं पाय भिंतीला लावून पडा. त्याआधी मास्कच्या गाद्या काढून पंख्याखाली टाका, नाहीतर सकाळी पहिल्या चेंडूआधी वासानेच चक्कर येईल.