अनाम बंदूक-कारागिराच्या कामाची नोंद कशी करावी

जुन्या दुनळी बंदुकीच्या नळीवर बहुधा लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कंपनीचे नाव कोरलेले असते. पण ती मालकाच्या खांद्याला नीट लागावी म्हणून मुंबईतल्या ज्या कारागिराने तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, नव्याने घडवला, त्याचे नाव तिच्यावर कुठेच सापडत नाही. म्हणून त्याच्यावर स्मरणलेख लिहिणाऱ्याने 'हात मोठा सफाईदार होता' अशा वाक्याने आरंभ करू नये, तर तो हात बंदुकीच्या नेमक्या कोणत्या भागाला लागला होता, हे आधी शोधावे.

त्यासाठी त्याच्या जुन्या ग्राहकांपर्यंत पोहोचावे लागते. बंदूक परवानाधारकानेच हाताळावी आणि ती रिकामी असल्याची खात्री आपल्यासमोर करावी; आपण फक्त पाहावे आणि लिहावे. छायाचित्रांत बंदुकीचा क्रमांक किंवा मालकाचा पत्ता येऊ देऊ नये. निवडणुकीच्या काळात परवान्याची अनेक शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा असतात, तेव्हा भेटीचा दिवस त्याआधी किंवा नंतरचा ठरवावा.

पाहणीत सर्वाधिक वेळ दस्त्याला द्यावा, कारण मापाने केलेले काम तिथेच कळते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी, नळीच्या रेषेपासून दस्ता किती खाली उतरतो ते अंतर आणि त्याचा बाजूकडील कल ही तीन मापे घ्यावीत. उजव्या खांद्याने नेम धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, आणि ही मापे मूळ मालकाच्या शरीरयष्टीशी ताडून पाहिली की शिंप्याच्या वहीतली मापे वाचावीत तसा तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. मग लोखंड आणि अक्रोडाचे लाकूड जिथे भेटते तो सांधा पाहावा. चांगला कारागीर धातूच्या भागाला काजळी लावून तो लाकडावर दाबतो, काळा ठसा उमटेल तेवढेच तासतो आणि कुठेही फट उरत नाही तोवर हे शेकडो वेळा करतो. हा सांधा भिंगाखाली पाहिल्याशिवाय कारागिराबद्दल मत देऊ नये, असे मला वाटते. मुठीवरच्या चौकडीच्या नक्षीत एका इंचात किती रेषा आहेत तेही मोजावे. शेवटी, परवानाधारकाची हरकत नसेल तर दस्त्याच्या टोकाची पट्टी जाणकाराकडून काढून घ्यावी, कारण तिच्याखाली कधीकधी पेन्सिलने लिहिलेली तारीख किंवा सही मिळते.

नळीचा निळसर काळा रंग मूळचा की पुन्हा चढवलेला, हेही विचारावे. जुन्या पद्धतीत पोलादावर मुद्दाम हलका गंज आणतात, तो उकळत्या पाण्यात काळा पडतो, मग तो घासतात, आणि हा क्रम अनेकदा करतात. पुन्हा रंगवताना कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतील, तर पॉलिश घाईने झाले, असे स्पष्ट लिहावे. स्मरणलेखात दोष गाळले, तर गुणांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कागदपत्रांचे काम थोडक्यात आटोपते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे परवान्याची जुनी प्रत, पावत्या आणि कामाची नोंदवही कुटुंबीयांकडे मागावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचे ग्राहक कमी झाले असल्यास त्या वर्षापूर्वीच्या आणि नंतरच्या पावत्या वेगळ्या लावाव्यात, म्हणजे धंद्याचा उतार कसा झाला ते आकड्यांतून दिसेल.

अवजारे पाहायला मिळाली तर ती घासूनपुसून लखलखीत करू नयेत, अशी विनंती घरच्यांना करावी. कानशीच्या लाकडी मुठीवर अंगठ्याने पडलेला खळगा, छिन्नीची वारंवार धार लावून उरलेली लांबी, त्याने स्वतःच वाकवून बनवलेली एखादी पटाशी, यांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावीत आणि प्रत्येक अवजारासमोर कारागीर त्याला घरात ज्या नावाने हाक मारत असे, तेच नाव लिहावे.