संकेतस्थळाच्या एसईओचे काम सोपवताना नाकारायच्या युक्त्या

एसईओ म्हणजे शोधयंत्राच्या निकालांत आपले संकेतस्थळ वर आणण्याचे काम. त्यासाठी तीन महिन्यांत गुगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी असलेला प्रस्ताव एखाद्या एजन्सीकडून समोर आला, तर दर पाहण्याआधी त्यासाठी नेमके काय केले जाणार आहे, हे लेखी मागावे. अशी हमी कोणालाही देता येत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. शिवाय लबाडी एजन्सीने केली, तरी शिक्षा संकेतस्थळाला होते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीसाठी क्रमवारी उंचावण्यासाठी असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेल्या विकतच्या लिंक २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणल्या, कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगून एजन्सीला काढून टाकले, पण गुगलच्या निकालांतील घसरण त्यामुळे टळली नाही.

म्हणून प्रस्तावात ‘दरमहा अमुक इतक्या बॅकलिंक’ (इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) असे कलम असल्यास ते सरळ खोडावे. पैसे देऊन लिंक घेण्यास मनाई नाही. मात्र ती जाहिरात आहे हे सांगणारी ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण तिच्या कोडमध्ये असली पाहिजे. इतरांनी पैसे देऊन आपल्या पानावर लिंक लावली, तरी हाच नियम लागू होतो.

दुसरी युक्ती गावोगावच्या पानांची. दुकान पुण्यात एकच, पण ‘नाशिकमधील सर्वोत्तम सोफा दुरुस्ती’, ‘साताऱ्यातील सर्वोत्तम सोफा दुरुस्ती’ अशी केवळ गावाचे नाव बदललेली पाने तयार केली जातात. साताऱ्याला खरोखर कारागीर जात असेल, तर तेथील दर, येण्याचे दिवस आणि केलेल्या कामांची छायाचित्रे देऊन पान लिहावे. नसेल, तर पानच करू नये. शोधयंत्राला एक पान आणि ग्राहकाला दुसरेच दाखवणे तर त्याहून वाईट. त्याच कारणासाठी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गुगलने काही दिवस निकालांतून वगळले होते.

एकच शब्द परिच्छेदात दहादा कोंबणे किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे लपवणे, हे आता जुने झाले. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी, क्रमवारीसाठी विचारात घेत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले, तरी त्याचे पैसे काही बिलांत अजून लावलेले दिसतात! यंत्राकडून शेकडो निरुपयोगी लेख लिहवून घेणे मात्र आज अधिक धोक्याचे आहे. मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम धोरणात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

आधीच चूक झाली असल्यास सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातील ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हे कारवायांचे पान पाहावे. तेथे कारवाई नोंदलेली असेल, तर विकतच्या लिंक प्रथम काढून घ्याव्यात, ज्या निघत नाहीत त्याच डिसअव्हाव यादीत, म्हणजे विचारात घेऊ नका असे गुगलला सांगायच्या लिंकच्या यादीत, टाकाव्यात आणि केलेली दुरुस्ती प्रामाणिकपणे मांडून फेरविचाराचा अर्ज करावा. उत्तर येण्यास काही दिवस किंवा आठवडे लागतात. सर्च कन्सोलची मालकी मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यावर ठेवावी आणि एजन्सीला केवळ वापरकर्ता म्हणून जोडावे, म्हणजे गुगलची सूचना थेट आपल्यापर्यंत पोहोचते.