कॅराव्हॅनला हिवाळ्यात कव्हर घालायचं का? आणि घालायचंच तर नीट कसं घालायचं

थेट सांगते. ब्रिटनमधे तुमची कॅराव्हॅन (मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, पुढे तिलाच मी गाडी म्हणते) झाडाखाली किंवा घराच्या आडोशाला उभी असेल तर कव्हर घाला. उघड्या माळावर, चारी बाजूंनी वारा लागणाऱ्या जागी असेल तर घालू नका, स्वच्छ धुऊन तशीच ठेवा. मधलं काही असेल तर पुढचं वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा, पण "पावसाने खराब होते हो, झाकायलाच हवी" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, कारण कॅराव्हॅन मुळात पावसात उभी राहायलाच बनवलेली असते. ज्या पावसात तुम्ही जुलैमधे लेक डिस्ट्रिक्टला तीन दिवस आत बसून भजी तळलीत तोच पाऊस जानेवारीत असतो.

कव्हरचा फायदा काय, तर हिरवं शेवाळ चढत नाही, झाडाचा चीक आणि पक्ष्यांची घाण पत्र्यावर वाळत नाही, खिडक्यांच्या रबराखालून काळे ओघळ येतात ते कमी होतात. म्हणजे मार्चमधे दोन दिवस घासायचं वाचतं. एवढंच! कव्हरने आत ऊब राहत नाही, नळातलं पाणी गोठायचं थांबत नाही, आणि गळती असेल तर ती बरी होत नाही. सांध्यातून आधीच पाणी मुरलेल्या गाडीवर कव्हर चढवलं तर ती ओल वाळायला आणखी वेळ लागतो आणि वर तुम्हाला वाटतं, चला, सुरक्षित आहे. म्हणून आधी ओल मोजा. डॅम्प मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळतो, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि पुढचे-मागचे कोपरे तपासा, १५ टक्क्यांच्या आत असेल तर निवांत, २० च्या वर गेला तर कव्हरचा विचार सोडा आणि आधी सर्व्हिसवाल्याला दाखवा.

आता ताडपत्री. आपल्या लोकांना हे सांगावंच लागतं कारण आपला हात आपोआप तिकडे जातो, पावसाळा आला की निळी ताडपत्री, दोरी, चार विटा, झालं काम. आपल्याकडे ते चालतं कारण तिथे पाणी वरून येतं. इथल्या हिवाळ्यात हवाच इतकी दमट असते की रात्री थंड पत्र्यावर आपोआप दव धरतं, आणि ताडपत्रीखाली धरलेलं ते पाणी कुठे जाणार? आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. ताडपत्री नको, पीव्हीसी नको, "शंभर टक्के वॉटरप्रूफ" लिहिलेलं काहीही नको. ब्रीदेबल लिहिलेलं, तीन किंवा चार थरांचं पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, आतला थर मऊ असलेलं. पाण्याची वाफ त्यातून बाहेर पडते, थोडा पाऊस आतही झिरपतो, झिरपू दे.

माप घेताना बॉडीची लांबी मोजा, पुढचा जोडणीचा लोखंडी भाग त्यात धरायचा नाही. रुंदीही मोजा, हल्ली आठ फूट रुंदीच्या कॅराव्हॅन खूप आहेत आणि जुन्या मापाचं कव्हर त्यांना बसत नाही. मोठं घेतलं म्हणजे चढवायला सोपं असं दुकानात कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. मोठं कव्हर म्हणजे सैल कव्हर, आणि सैल कव्हरपेक्षा कव्हर नसलेलं बरं. परवडत असेल तर तुमच्या मॉडेलच्या मापाने शिवून देणारे आहेत त्यांच्याकडून करून घ्या. महाग पडतं, पण खरा फरक तिथेच आहे.

विकत घ्यायच्या आधी दोन फोन करा. एक स्टोरेज यार्डला, म्हणजे हिवाळ्यात कॅराव्हॅन भाड्याने ठेवायच्या जागेला, कारण काही यार्डवाल्यांना कव्हर चालत नाही, उडालं की शेजारच्या गाडीवर जातं. दुसरा विम्यावाल्यांना. तुमच्या छतावर सोलर पॅनल आहे ना? कव्हर घातलं की तो अंधारात गेला. बॅटरी चार्ज होणं बंद, पण अलार्म आणि ट्रॅकर मात्र बॅटरी खातच राहतात, काही आठवड्यांत बॅटरी बसते, ट्रॅकर गप्प होतो, आणि नेमकी त्याच काळात गाडी चोरीला गेली तर ट्रॅकर चालू असण्याची अट तुमच्या पॉलिसीत आहे का हे तेव्हा कळून उपयोग नाही. सोलरवर पारदर्शक खिडकी असलेली कव्हरं मिळतात, ती घ्या, नाहीतर घराजवळ असेल तर मधून मधून वीज जोडून चार्ज करा.

पाणी काढून टाकलंय, हीटरचा ड्रेन उघडा आहे, नळ उघडे, शॉवर खाली सोडलाय, टॉयलेटची टाकी रिकामी, गाद्या घरी नेल्यात किंवा भिंतीपासून लांब उभ्या केल्यात, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडलाय, हे सगळं मी धरूनच चालते.

धुणं. कव्हर घालायच्या आधी गाडी धुवायचीच, "नंतर कव्हर आहेच की" हा आळस नडतो कारण पत्र्यावरची धूळ आणि कव्हरचं कापड मिळून सँडपेपर होतं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे जातात, दिवाळीही त्याच सुमारास असते, त्या आधीचा एखादा कोरडा, वारा नसलेला दिवस पकडा. नोव्हेंबरच्या मध्यावर असा दिवस शोधत बसावं लागतं.

आता खरं काम, आणि इथेच बहुतेकांची वाट लागते. मलाही हा भाग जमायला वेळ लागला आणि सूचनांचं जे पान पिशवीत येतं त्यात यातलं काहीही नसतं.

कॅराव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसतात. अ‍ॅक्रिलिकच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच, आणि त्यावर चरा पटकन पडतो. आमच्या यार्डात एक गाडी होती, वसंतात कव्हर काढलं तर पुढच्या मोठ्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर रुंदीचा दुधी डाग. जवळून बघितलं तर तो डाग नव्हताच, एकाच दिशेने गेलेल्या शेकडो बारीक, किंचित वाकड्या रेघा होत्या. कापडाची एक सैल घडी हिवाळाभर तिथे हलत राहिली होती. पॉलिशने थोडं कमी झालं, गेलं नाही, आणि अशी एक खिडकी बदलायला कव्हरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात. म्हणजे कव्हर घालण्याचं सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे, ते हलता कामा नये.

त्यासाठी आधी टोकं झाका. ऑनिंगची रेल (दारापुढचा कापडी मांडव अडकवायची पट्टी), मागच्या कोपऱ्यांवरचे धरायचे दांडे, छतावरच्या खिडक्यांच्या कडा, अँटेना (तो आधी खाली करा), पुढचे दिवे. जिथे जिथे काही टोकदार आहे तिथे कापड आधी फाटणार आणि मग फडफडणार. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या पाइपवर चढवायचा फोमचा पोकळ नळा मिळतो, एका बाजूने चिरलेला, तो रेलवर आणि दांड्यांवर नुसता दाबून बसवायचा. जुने टॉवेल गुंडाळू नका, पाणी पिऊन बसतात. आणि चिकटपट्टी फोमवर लावा, पत्र्यावर अजिबात नाही, हिवाळाभरात गोंद असा धरतो की वसंतात स्टिकरच निघून येतात.

मग कव्हर चढवणं. दोन माणसं हवीतच. जमिनीवर आधी जुनी चादर अंथरा आणि कव्हर त्यावर उलगडा, कारण खडीवर ओढलंत तर आतल्या मऊ थरात बारीक खडे अडकतात आणि ते खडे थेट खिडकीवर जातात. हे कोणी सांगत नाही! कॅराव्हॅनची उंची साधारण अडीच मीटरच्या वर असते, छतावर चढायचं नाही, बहुतेक छतं माणसाचं वजन घ्यायला बनवलेलीच नसतात, आणि ओल्या शिडीवरून पडून पाय मोडण्याइतकं हे कव्हर महत्त्वाचं नाही. लांब दांड्याला मऊ ब्रश किंवा फोम बांधा आणि दोघांनी दोन बाजूंनी ते मागून पुढे सरकवत न्या. आधी शिवण छताच्या कडेला समांतर आहे ना ते बघा, वाकडं बसलं तर आत्ताच काढून परत घाला, पट्टे ओढून सरळ होत नाही, कितीही ताकद लावा.

पट्टे. पहिल्यांदा पुढचा आणि मागचा हलका लावा, मग मधले, आणि मग सगळे पुन्हा एक एक करून ओढा, एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर सगळी सैल घडी एका खिडकीवर जमा होते. पट्टा गाडीखालून पलीकडे न्यायला बांबूच्या काठीला टोकाला वायरचा आकडा करा, खाली रांगत जाऊ नका. बकल गाडीच्या फरशीच्या पातळीच्या खाली आलं पाहिजे, पत्र्यावर आलं तर वाऱ्यात ठोकत बसेल. पट्ट्याचं उरलेलं शेपूट गुंडाळून आत खोचा, ते मोकळं सोडलेलं शेपूटच रात्रभर पत्र्यावर फटके मारतं.

घट्ट झालं का हे कसं कळायचं? भिंतीच्या मधोमध, खिडकीच्या खाली कापड मुठीत धरून बघा. मूठभर कापड हातात आलं तर सैल आहे. चिमटीत जेमतेम आलं तर ठीक. नवरा दर वर्षी म्हणतो, "अगं पुरे की, किती आवळशील," आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी आम्हीच परत जाऊन आवळतो, कारण पहिल्या रात्रीनंतर ते थोडं सैल झालेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची फेरी धरूनच चाला. तरी सैल राहिलं तर जास्तीची घडी खिडकीपासून लांब, मागच्या बाजूला घ्या आणि खिडकीच्या खालून पोटाभोवती एक रुंद मऊ पट्टा बांधा. धातूच्या आकड्यांच्या रबरी दोऱ्या नकोत, सुटल्या की आकडा कुठे लागेल सांगता येत नाही.

खाली मोकळी जागा राहू द्या. फरशीतली आणि छतातली हवेची भोकं कापड कोंबून बुजवू नका, आतली हवा खेळती राहायला ती आहेत. आतल्या कपाटांची दारंही उघडी ठेवा.

हिवाळाभर विसरून जायचं कव्हर अजून कोणी बनवलेलं नाही. महिन्यातून एकदा चक्कर मारा, आणि वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशी. आपण यार्डात नुसतं उभं राहून ऐकावं, फडफड ऐकू आली की कुठला पट्टा सुटलाय ते आवाजाच्या दिशेनेच कळतं. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळ आलं तेव्हा आइल ऑफ वाइटच्या नीडल्सला ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला होता, अशा वाऱ्यात कुठलाही पट्टा काय टिकणार. हवामान खात्याचा लाल किंवा त्याखालचा अंबर इशारा असेल आणि जागा जरा उघडी असेल तर मी आदल्या दिवशी सरळ काढून टाकते. वादळ चालू असताना मात्र कव्हर वाचवायला जायचं नाही, ते फाटलं तर फाटू दे.

काढायचं मार्चच्या शेवटी, कोरड्या दिवशी. ओढून काढू नका, पट्टे सगळे सोडून दोघांनी छतावरून गुंडाळत आणा. दोरीवर उन्हात, म्हणजे इथे जे काय ऊन मिळेल त्यात, पूर्ण वाळवा, ओलं घडी करून पिशवीत भरलं तर ऑक्टोबरमधे उघडताना नाक धरावं लागेल. आणि डॅम्प मीटर परत एकदा त्याच कोपऱ्यांना लावा, शरदातले आकडे कुठेतरी लिहून ठेवले असतील तर लगेच कळतं कुठला सांधा गेलाय.