शिंकताना लघवी सुटते म्हणून ड्युलोक्सेटीन घेताय?

मी फार्मासिस्ट आहे. दिवसभर इतरांना गोळ्या समजावून सांगते, पण शिंक येणार असं वाटलं की स्वतः पाय आवळून काउंटरला धरून उभी राहायचे. हे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तेवढं थांबू नका.

आधी त्रास कोणता ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी सुटत असेल तरच हे औषध. अचानक घाई लागून संडासापर्यंत पोचण्याआधीच होत असेल, तर त्याची औषधं वेगळी. औषधाआधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने करायचे असतात: दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठदा आवळणं. मी ते आजही सोडलेले नाहीत.

मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडे ओनफ नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे. मूत्रमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूला हुकूम तिथून जातो. ड्युलोक्सेटीनमुळे तिथली सिरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही निरोप नेणारी रसायनं लगेच परत शोषली जात नाहीत. ती पेशींवरच्या रिसेप्टरांना, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांना, जास्त वेळ चेतवत राहतात आणि मूत्राशय भरत असताना पकड घट्ट राहते. युरोपात २००४ मध्ये स्त्रियांच्या या त्रासासाठी त्याला मंजुरी मिळाली. अमेरिकेत ते विकलं जातं, पण या त्रासासाठी मंजूर नाही.

नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पण पहिले दोन आठवडे २० मिलिग्रॅम दोनदा घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मळमळ कमी होते. मला तरीही पहिल्या आठवड्यात फोडणीचा वास सहन होत नव्हता, तोंड कोरडं पडायचं. दहाव्या दिवशी ते निवळलं. कॅप्सूल उघडू नका, चावू नका. आतल्या बारीक दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं.

सुरू करण्याआधी तीन दिवस वहीत लिहा: वेळ, काय करताना सुटली, पॅड किती बदलले. माझ्या पहिल्या पानावर ‘जिना, बादली, खोकला, खोकला, हसले’ असं होतं. चार आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस लिहिलं, तेव्हा दिवसाला पाचाच्या जागी दोन नोंदी होत्या. काहीच फरक नसेल तर रेटत बसू नका, डॉक्टरांशी बोला.

यकृताचा आजार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधीच सांगा. ड्युलोक्सेटीन नैराश्यावरही देतात, म्हणून नैराश्याच्या इतर गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. सिरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. मन फार खचलं, जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी कळवा. आणि एक गोष्ट मी प्रत्येकीला थांबवून सांगते: लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं जातं, त्याने ड्युलोक्सेटीन रक्तात खूप वाढतं. ही दोन्ही एकत्र घेऊ नका.

बरं वाटतंय म्हणून एका दिवसात बंदही करू नका. चक्कर, झिणझिण्या, चिडचिड सुरू होते. डॉक्टर एक-दोन आठवडे तरी घेऊन डोस हळूहळू उतरवतात, म्हणून शेवटची पट्टी संपायच्या आधीच त्यांना फोन करा.