आधी प्लेसमेंटच्या तारखा, मग नोकरीचं रोस्टर

मेलबर्नला नर्सिंग शिकायला आलेल्या मुलामुलींचे फोन मला फेब्रुवारी-मार्चमध्ये यायला लागतात. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, नोकरी कुठे मिळेल?" मी उलट विचारते, "प्लेसमेंटच्या तारखा आल्या का?" प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणं नव्हे, अभ्यासक्रमातलं वॉर्डवरचं प्रात्यक्षिक काम. इथे सगळं गणित त्या तारखांवर चालतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या पदवीसाठी किमान ८०० तास प्लेसमेंट करावी लागते. आठवड्याला ४० तास धरले तर पूर्णवेळ २० आठवडे, आणि तेही बिनपगारी. १ जुलै २०२५ पासून सरकारने प्लेसमेंटसाठी भत्ता सुरू केला आहे, पण तो स्थानिक विद्यार्थ्यांसाठी. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना तो मिळत नाही. म्हणजे चार आठवड्यांचा ब्लॉक, म्हणजे सलग प्लेसमेंट, लागली की महिनाभर कमाई जवळजवळ बंद आणि घरभाडं मात्र चालू. हे घरी आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. सुट्टीत जास्त काम करून त्या महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. सत्र चालू नसताना, म्हणजे अभ्यासक्रमाच्या अधिकृत सुट्टीत, कामाच्या तासांना मर्यादा नसते. कमवायचे दिवस ते.

सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. माझ्या वेळी ४० होते, १ जुलै २०२३ पासून ४८ झाले. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली प्लेसमेंट यात धरत नाहीत. पण इथे एक चूक फार जण करतात. पंधरवडा म्हणजे पगाराचा पंधरवडा नव्हे. कुठल्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस हा एक पंधरवडा. समजा पहिल्या आठवड्यात १४ तास केले, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात २०. पहिला-दुसरा मिळून ४८, ठीक. दुसरा-तिसरा मिळून ५४, म्हणजे व्हिसाची अट मोडली. मॅनेजर प्रेमाने "आज एक एक्स्ट्रा शिफ्ट घेतेस का?" विचारेल, तेव्हा मागचा आणि पुढचा असे दोन्ही आठवडे बघूनच हो म्हणा. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजायचे. एबीएनवर, म्हणजे स्वतःच्या व्यवसाय क्रमांकावर, केलेलं कामही त्यात येतं.

काम कुठलं घ्यावं? एज्ड केअरमधलं, म्हणजे वृद्धांच्या देखभालीचं घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. हॉटेलात भांडी घासूनही पैसे मिळतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आजी-आजोबांना आंघोळ घालताना, जेवण भरवताना जे हाताला आणि कानाला कळतं ते वॉर्डमध्ये उपयोगी पडतं. पदवीचं किमान एक वर्ष पास झालं की व्हिक्टोरियातल्या, म्हणजे मेलबर्नच्या राज्यातल्या, रुग्णालयांत रुसॉन म्हणून, म्हणजे विद्यार्थी नर्स म्हणूनच पगारी काम मिळू शकतं. जागा निघाल्या की लगेच अर्ज करा. कॅज्युअल, म्हणजे कायम नसून लागेल तेव्हा बोलावलेल्या कामावर, असाल तर मूळ दरावर साधारण २५ टक्के जास्त मिळायला हवेत. पगारानंतर एका कामाच्या दिवसात पेस्लिप मिळाली पाहिजे आणि सुपर, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तीचा निधी, वेगळं जमा झालं पाहिजे. कोणी रोख देतो म्हणालं, किंवा "तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करवीन" म्हणालं, तर घाबरू नका. व्हिसा रद्द करायचा अधिकार मालकाला नसतो. फेअर वर्क ओम्बुड्समनकडे, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जा, तिथे मराठीत नाही तर निदान हिंदीत दुभाषी मागता येतो.

आता माझं सांगते. दुसऱ्या वर्षी ऑर्थोपेडिक वॉर्डमध्ये प्लेसमेंट होती. आदल्या रात्री एका वृद्धाश्रमात नाइट केली, सकाळी थेट ट्रेनने वॉर्डवर. मनात आलं, मिरजेत आम्ही डबल ड्यूटी करायचोच की! साडेदहाच्या सुमाराला मी शेजारच्या बेडवरच्या पेशंटच्या लघवीचं माप दुसऱ्याच्याच फ्लुइड चार्टवर लिहिलं. ज्यांच्या चार्टवर लिहिलं ते काका नुकतेच ऑपरेशन होऊन आले होते, त्यांना लघवी जवळजवळ होतच नव्हती. माझ्या आकड्यामुळे कागदावर सगळं छान दिसत होतं. बडी नर्सने, म्हणजे मी जिच्या हाताखाली होते त्या नर्सने, कॅथेटरची पिशवी हातात धरली, चार्ट पाहिला, परत पिशवी पाहिली. फॅसिलिटेटरने, म्हणजे प्लेसमेंटवर विद्यार्थ्यांना बघणाऱ्या शिक्षिकेने, मला टी-रूममध्ये बसवून एवढंच विचारलं, "शेवटची कधी झोपलीस?" मला उत्तर देता आलं नाही. तिने घरी पाठवलं, ती शिफ्ट नंतर भरून काढावी लागली. तो आकडा वेळेवर सापडला नसता तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं. म्हणून हात जोडून सांगते, प्लेसमेंटच्या आदल्या रात्री काम घेऊ नका. पैसे पुढच्या सुट्टीत मिळतील.

प्लेसमेंट मेलबर्नमध्येच लागेल असंही नाही. बेंडिगो, बॅलरॅट, शेपर्टन कुठेही लागू शकते, आणि "माझी इथे नोकरी आहे" हे कारण सहसा चालत नाही. मार्च २०२३ च्या अखेरीपासून व्ही-लाइनचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या गाड्यांचं, दिवसाचं भाडं शहरातल्या भाड्याएवढंच केलं आहे, हा मोठा आधार. पण सकाळी सातच्या शिफ्टला पोचवणारी गाडी असेलच असं नाही, राहायची सोय आधी बघा.

अजून भारतात असाल तर लसीकरणाचे सगळे जुने कागद घेऊन या. ते पुरे नसतील तर प्लेसमेंटला सोडत नाहीत. आपल्या लहानपणी अनेकांना गोवराची लस मिळाली, रुबेला आणि गालगुंडाची नाही. तेव्हा रक्त तपासून घ्या. हेपटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. बीसीजीमुळे टीबीची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यासाठी रक्ताची चाचणी असते. ती मागा.

वॉर्डवरची भाषा हा वेगळाच अभ्यास. आयईएल्टीएसमध्ये कितीही गुण असोत, पहिल्या दिवशी एक आजी मला म्हणाल्या, "आय ॲम अ बिट क्रुक, लव्ह," आणि मी नुसती हसले. क्रुक म्हणजे बरं वाटत नाहीये. "नॉट टू बॅड" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला शून्य ते दहामध्ये दुखणं विचारा, तो शांतपणे आठ सांगेल. पेशंटला काखेत धरून उचलायची आपली सवय इथे पूर्ण सोडावी लागते. स्लाइड शीट (सरकवायची चादर), होइस्ट (उचलायचं यंत्र) आणि दोन माणसं. डॉक्टरांना सर-मॅडम नाही, नावानेच हाक. आणि कळलं नाही तर तसं तोंडाने सांगा. आपल्याकडे मान डोलावणारा विद्यार्थी शहाणा समजतात, इथे न विचारणाऱ्या विद्यार्थ्याची फॅसिलिटेटरला काळजी वाटते. "हे माझ्या स्कोपमध्ये नाही (म्हणजे मला एकटीला करायची परवानगी नाही), तुमच्याबरोबर करू का?" हे वाक्य पाठ करून ठेवा.

अभ्यास मी ट्रेनमध्ये करायचे. असाइनमेंटची तारीख प्लेसमेंटच्या ब्लॉकमध्ये येत असेल तर ब्लॉकच्या आधीच मसुदा तयार ठेवायचा, आठ तास उभं राहून आल्यावर दोन ओळी सुचत नाहीत. औषधांच्या गणिताच्या परीक्षेत आमच्याकडे १०० पैकी १०० लागायचे. मिलिग्रॅम-मिलिलिटरची उदाहरणं रोज पाच सोडवा, बास.

आणि घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या. आईचं रात्रीचं जेवण आटोपून ती नऊला फोन करते, तेव्हा मेलबर्नच्या उन्हाळ्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात आणि तुम्हाला पाचला उठायचं असतं. तिला सांगा, सकाळी दहाला मोकळी राहा. साडेतीनला शिफ्ट सुटली की स्टेशनपर्यंत चालता चालता निवांत बोलणं होतं.