मुलांचे दात वाकडे का येतात, आणि ते घरच्या घरी वेळेत कसं ओळखायचं

"दुधाचेच दात आहेत की ओ ताई, पडणारच आहेत. त्यात कशाला सिमेंट भरायचं? काढूनच टाका."

गेली १७ वर्षं मी सोलापुरात दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतंच. कधी मराठीत, कधी पूर्व भागातल्या अक्कांच्या तेलुगूत, कधी अक्कलकोटकडच्या कानडीत. दाताला पळ्ळु म्हणा नाहीतर हल्लु, समजूत तीच. तेराव्या-चौदाव्या वर्षी वाकडे दात घेऊन येणाऱ्या कितीतरी मुलांची गोष्ट याच वाक्यापासून सुरू झालेली असते. म्हणून मी आधी दुधाच्या दाढांबद्दल सांगते. बाकीची कारणं मागून येतीलच.

दुधाचे दात २०. त्यातले पुढचे पटाशीचे सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात आणि आईबापांना वाटतं, आता सगळेच पडणार. पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्यांच्या खाली हाडात कायमच्या उपदाढा, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधले दात, तयार होत असतात आणि दुधाची दाढ वर बसून त्यांची जागा धरून ठेवते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो.

हा शेजारचा कोण, तर सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. ही दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कुणाला कळतही नाही. तिलाही लोक दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. हिचा कल पुढे सरकण्याकडे असतो. पुढची दुधाची दाढ जागेवर असेल तर ती अडते, नसेल तर काही महिन्यांत पुढे झुकते. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर दात जुळण्याचा एक तक्ता आहे. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये वरच्या-खालच्या दातांची ठेवण ओळखायची पद्धत मांडली, ती या दाढेवरच उभी आहे. आजही तारा बसवणारे डॉक्टर तोंड उघडल्यावर आधी तिच्याकडेच बघतात.

माझ्या मुलाची वरची डावी दुधाची दाढ साडेसहाव्या वर्षी काढली. तेव्हा मी या कामाला लागले नव्हते. रात्रभर पोरगं रडायलंय, गाल सुजलाय, सकाळी उठून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. त्यांनी दाढ काढली, गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं. रिकाम्या जागेचं पुढे काय करायचं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाराव्या वर्षी त्याचा डावा सुळा हिरडीत वरच्या अंगाला, ओठाखाली फुगवटा दिसावा असा आला. तोवर मी इथे कामाला होते. त्याच्या जबड्याचं माप घेतलं, तेव्हा त्यात प्लास्टर मीच भरलं. सुकलेला साचा हातात घेऊन डॉक्टरांनी पितळी तार दातांच्या कडेने वळवून लावली आणि मला दाखवली. सुळ्याला ८ मिलिमीटर जागा हवी होती, शिल्लक होती ३. बाकीची मागच्या दाढेने पुढे सरकून खाल्ली होती. शेवटी दोन्ही बाजूची एकेक चांगली उपदाढ काढावी लागली आणि २२ महिने तारा होत्या. तो साचा अजून कपाटात आहे. "काढूनच टाका" म्हणणाऱ्या आईला मी तो काढून दाखवते.

वरच्या जबड्यात सुळा बहुधा उपदाढांनंतर येतो, म्हणून जागा कमी पडली की तो बाहेर राहतो. खाली सुळा आधी येतो आणि दुसरी उपदाढ उशिरा, त्यामुळे तिथे उपदाढ जिभेच्या बाजूला निघते किंवा हाडातच अडकून बसते. "दातावर दात आलाय" म्हणून जे दाखवायला येतात, त्यात हे दोन प्रकार पुष्कळ.

आता घरी बघायचं कसं. दिवसा बघा, खिडकीजवळ किंवा माळवदावर उजेडात. मांडी घालून बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या, दोघांची तोंडं एकाच दिशेला. हात धुवून बोटाने ओठ अलगद बाजूला करा. मागच्या दाढांसाठी मोबाइलचा टॉर्च लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाचं दर दोन महिन्यांनी करा आणि काय दिसलं ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. आठवणीवर सोडू नका. कुठला दात कधी पडला हे डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक आया गप्प होतात.

आधी दाढांच्या खाचा बघा. काळी रेघ, खड्डा, अन्न अडकलेलं दिसलं तर दुखायची वाट बघू नका. दोन दाढांच्या मधली कीड वरून दिसत नाही, पण मूल एकाच बाजूने चावत असेल किंवा काही खाल्लं की तिथे बोट घालत असेल तर तीच खूण समजा. अशा वेळी दाढ बहुतेकदा भरून वाचते. कीड खोल गेली असेल तर दुधाच्या दाढेतही आतली नस साफ करून वर टोपी बसवता येते. हे ऐकून पालक दचकतात, पण दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत ती दाढ टिकवायची आहे.

मग मुलाला मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगा आणि ओठ उचलून समोरून बघा. वरचे दात खालच्यांना थोडेसे झाकतात, हे बरोबर. खालचे दात अजिबात दिसत नसतील, किंवा खालचे वरच्यांच्या पुढे येत असतील, तर दाखवायला हवं. एखादाच वरचा दात खालच्याच्या आत अडकला असेल तर लवकर दाखवा, सुरुवातीला तो थोड्या उपायात बाहेर येतो. दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते आणि फटीतून जीभ दिसते, असं असेल तर मुलाचा अंगठा हातात घेऊन बघा. चोखणाऱ्या मुलाचा तो अंगठा बाकी बोटांपेक्षा स्वच्छ असतो, कातडी सुरकुतलेली, कधी सांध्यावर घट्टा पडलेला.

अंगठा चोखणं तीन-चार वर्षांपर्यंत चालतं, तेवढ्याने सहसा कायमचं नुकसान होत नाही. पुढचे कायमचे दात यायच्या वेळीही सवय राहिली तर मात्र वरचे दात पुढे ढकलले जातात, टाळू अरुंद होतो. बोटाला मिरची लावणं, चारचौघांत ओरडणं हे करू नका. मी असं करून गप्प झालेलं एकही मूल पाहिलं नाही, चोरून चोखणारी मात्र पुष्कळ पाहिलीत. झोपताना हातात पातळ मोजा घालणं, न चोखलेल्या दिवशी कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खूण करायला लावणं, याने फरक पडतो. सहा वर्षं उलटूनही सुटत नसेल तर टाळूला बसवायचं एक साधन मिळतं.

ही पुढची गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. मूल झोपल्यावर अर्ध्या तासाने जाऊन बघा, तोंड उघडं आहे का? घोरतंय का? उशी लाळेने ओली होते का? दिवसा टीव्ही बघतानाही ओठ मिटलेले नसतात का? तोंड मिटायला सांगून नाकपुड्यांखाली थंड स्टीलचा चमचा किंवा छोटा आरसा धरा. दोन्ही बाजूंनी वाफ धरते का बघा. नाक बंद असलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, तेव्हा जीभ टाळूला टेकून राहण्याऐवजी खाली पडते. टाळूला आतून जिभेचा आधार राहत नाही, गालांचा दाब मात्र चालूच असतो. वर्षानुवर्षं असं चाललं की वरचा जबडा अरुंद होतो आणि दातांची दाटी होते. पूर्व भागात ज्यांच्या घरातच यंत्रमाग आहेत, तिथली काही मुलं बारा महिने सर्दी घेऊन येतात, कापसाची बारीक धूळ नाकात जातच राहते. कुणाच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. अशा मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. नाक मोकळं न करता नुसत्या तारा लावल्या तर दात परत फिरायची भीती असते.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. सातव्या वर्षी खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागे दुसऱ्या रांगेत उगवतात आणि आया घाईघाईने रिक्षा करून येतात. पुढचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने हलवत राहू द्या. पडला की मागचा दात जिभेच्या रेट्याने हळूहळू पुढे येतो. दोन-तीन महिन्यांत हललाच नाही, तर काढून घ्यावा. दुसरं म्हणजे, आठव्या ते अकराव्या वर्षी वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट दिसते आणि दात पंख्यासारखे पसरतात. सुळे खाली उतरले की ही फट बहुधा आपोआप मिटते. ती मिटवायला दातांना रबर बँड लावू नका, हे मी हात जोडून सांगते. रबर घसरून हिरडीच्या आत मुळाकडे चढतं, वरून दिसत नाही, आणि चांगला दात हलायला लागतो. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी अशी आली होती. हिरडी उघडून रबर काढेपर्यंत तिच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

फट खूप रुंद असेल, किंवा एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आला नसेल, तर एक्स-रे काढावा लागतो. वरच्या दोन दातांच्या मधोमध हाडात एखादा जास्तीचा दात वाट अडवून बसलेला असतो, किंवा तिथे दात तयारच झालेला नसतो. लहानपणी पडून दुधाच्या दाताला मार लागला असेल तर तेही आठवून सांगा. खालचा कायमचा दात त्या माराने वाकडा वाढू शकतो.

घराण्यातून येणारं कारण खरंच असतं. जबडा लहान आणि दात रुंद, किंवा खालचा जबडा पुढे, हे आजोबांपासून नातवापर्यंत दिसतं. ते टाळता येत नाही, पण वाढीचं वय हातात असताना त्यावर काम करता येतं. म्हणून सातव्या वर्षी एकदा तारा बसवणाऱ्या डॉक्टरांना दाखवून ठेवा. तारा बहुतेकांना नंतरच लागतात, त्या वेळी फक्त बघून घ्यायचं असतं. "दात सगळे येऊ देत, मग बघू" म्हणून पंधराव्या वर्षी आणलेल्या मुलांचं जबड्याचं काम अवघड होऊन बसतं.

आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरोघरी, तेव्हा आजी लोक म्हणतात, कडक खाल्लं की दात सरळ येतात. एवढं सरळ ते नाही. पण पाच वर्षांचं मूल दुधात बुडवलेली बिस्किटंच खात असेल तर त्याला भाकरीचा तुकडा चावायला द्या. चावल्याने जबड्याच्या स्नायूंना काम मिळतं, आणि चिकट बिस्किटाइतकं भाकरीचं पीठ खाचांत बसत नाही. रात्रीची साखरेच्या दुधाची बाटली वर्षाच्या आसपास बंदच करावी. आणि रात्रीचं ब्रश सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आईने किंवा बाबाने स्वतः करावं. मूल स्वतः करतं तेव्हा मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नाही, आणि सगळं महत्त्वाचं तर मागेच असतं.

मोठ्यांचे दात चाळिशीत विरळ होऊन पुढे येतात, ते हिरड्यांच्या आजाराने. त्यात मशेरी लावणाऱ्या बायका आमच्याकडे खूप येतात. त्यावर वेगळं लिहायला हवं. अक्कलदाढेने पुढचे दात वाकडे झाले असं म्हणून चांगली अक्कलदाढ काढून घेऊ नका, एवढंच इथे सांगते.

आणि दुधाची दाढ काढणं खरंच भाग असेल, तर खुर्चीतून उठायच्या आधी विचारा: "याची जागा धरायला काही बसवायचं का?" नवा दात लगेच येणार असेल तर गरज नसते, तो अंदाज एक्स-रेवरून येतो. नाहीतर शेजारच्या दाढेला स्टीलचं कडं आणि पुढे तारेचा फास, असं छोटं साधन बसवतात. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. हाच तो रुमाल. बसवताना फारसं दुखत नाही. दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं, आणि खालचा नवा दात हिरडीतून डोकावला की काढून टाकायचं.

जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, घरात संक्रांतीचे तिळाचे लाडू, रेवड्या, चिक्की असते, आणि त्या आठवड्यानंतर सुटलेली कडी घेऊन मुलं येतात. सुटलं तर कडं फेकू नका, वाकवून परत बसवायलाही जाऊ नका. छोट्या डबीत घालून त्याच आठवड्यात घेऊन या. कागदात गुंडाळलेलं हमखास केरात जातं. पंधरा दिवसांनी आलात तर दाढ सरकलेली असते आणि तेच कडं पुन्हा बसत नाही. मग नवं माप घ्यावं लागतं.