शेळीची बारीक लोकर मायक्रोस्कोपखाली तपासताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती जाडीवरून. काश्मिरी शेळीच्या राठ केसांखालची मऊ लव साधारण 14 ते 19 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते, हे खरं. पण बारीक मेरिनो मेंढीची लोकरही याच मापात बसते. नुसती जाडी जुळली म्हणून तंतू शेळीचा ठरत नाही.

नजर खवल्यांवर, म्हणजे तंतूच्या पृष्ठभागावरच्या एकावर एक बसलेल्या बारीक पापुद्र्यांवर हवी. शेळीच्या लवेवरचे खवले लांबट, पातळ आणि तंतूला चिकटून बसलेले; 100 मायक्रॉन लांबीत बहुधा पाच ते सात. मेंढीच्या तंतूवर त्याच लांबीत ते जास्त दाटीने येतात आणि त्यांच्या कडा उठून दिसतात. पण एकाच तंतूवरही खवले जागोजागी बदलतात, शिवाय ब्लीच किंवा गडद रंगाईने झिजतात. म्हणून एक तंतू बघून निकाल देऊ नका, पुष्कळ तंतू तपासा.

खवल्याची जाडी मात्र साध्या मायक्रोस्कोपवर मोजायला जाऊ नका. शेळीच्या खवल्याची कड सहसा अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असते, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढीच. इथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. त्यातही तपासणीआधी नमुन्यावर चढवतात तो सोन्याचा थर जाड बसला, तर मोजायची कडच बुजते.

खवले पुसट दिसतात? आधी स्लाइडवरचा द्रव बघा. कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवते त्याचं माप) लोकरीच्या जवळ जातो, त्यामुळे खवले त्यात विरून जातात. लिक्विड पॅराफिन घ्या, कडा लगेच उठतील. पाणी नको; कोरडा तंतू पाण्यात जाडीला साधारण 16 टक्के फुगतो आणि सगळी मोजमापं चुकतात.

तंतूच्या मधोमध काळी रेघ दिसली की ती मज्जा, म्हणजे तंतूचा पोकळसर गाभा, असं धरून चालू नका. बारीक लवेत मज्जा नसते, ती राठ केसांत असते. कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवलेली पातळ काच) सुईच्या टोकाने हलकेच दाबा: रेघ सरकली किंवा तुटली तर तो अडकलेला हवेचा बुडबुडा. जागची हलली नाही, तंतूही जाड असला, तर तो नमुन्यात मिसळलेला राठ केस. त्याची वेगळी नोंद करा, लवेच्या सरासरीत धरू नका.